रिकामा रकाना

दर शनिवारी संध्याकाळी साडेसहाला शुभदाचा मेसेज ग्रुपवर यायचा आणि तो कधी पाच ओळींच्या पुढं गेला नाही. उद्या सकाळी सहा ते आठ. जोड्या वेगळ्या मोजा, एकटे वेगळे, पिल्लं वेगळी. शेजारच्याला विचारून आकडा लिहू नका. दोन तास बसून काहीच दिसलं नाही तर शून्य लिहा, त्यात कमीपणा नाही. आणि पाचवी ओळ, नऊ वर्षं तीच: गेला नसाल तर रकाना रिकामा सोडा.

मेसेज हिंदीत असायचा. लखनौच्या आसपासच्या तळ्यांवर सारस मोजणाऱ्या या ग्रुपात बेचाळीस माणसं होती आणि त्यांतली मराठी चारच. बाकी शाळामास्तर, एक नर्स, चिनहटचा एक मिठाईवाला, सिंघाड्याची शेती करणारे दोघंतिघं. शुभदा स्वतः वनस्पतिशास्त्रातली. इथल्या एका संशोधन संस्थेत सव्वीस वर्षं तिनं दगडफुलांवर काम केलं होतं आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली होती. "जन्मभर न हलणारं मोजलंस, आता उडणारं मोज," असं तिचा नवरा जगदीश म्हणायचा. पण उडणारं काय नि न हलणारं काय, मोजायची रीत एकच, असं तिचं मत होतं.

ग्रुप सांभाळायची तिची रीतही तिच्यासारखीच होती, आवाज न चढवता. आलेल्या प्रत्येक आकड्याला ती नाव घेऊन धन्यवाद द्यायची. सकाळी गुलाबाचं फूल आणि सुविचार टाकणाऱ्याला ग्रुपवर बोलायची नाही. वेगळा फोन करायची, आणि इतक्या हळू समजावायची की तो माणूस पुन्हा फूल टाकायचा नाही.

पावसाळ्यात मात्र एक जास्तीचा नियम होता. सारस घरटं बांधतो ते उघड्यावर, पाण्याच्या मधोमध, लव्हाळ्याचा ढीग रचून. अर्ध्या कोसावरून दिसावं असं. एकदा ठिकाण फुटलं की गाड्या येतात. उडतानाचा फोटो मिळावा म्हणून बसलेल्या मादीला उठवतात. माणसांच्या मागं कुत्री येतात, कुत्र्यांच्या मागं कावळे. म्हणून घरटं दिसलं की शुभदाला फोन करायचा, फक्त तिला. ग्रुपवर नाही, मेव्हण्याला नाही, गावात चौकशी करत आलेल्या परक्या माणसाला तर नाहीच. पिल्लं चालती होईपर्यंत सर्वांना दिसणाऱ्या शीटमध्ये त्या तळ्याचा रकाना रिकामा राहायचा, आणि खरा आकडा शुभदाच्या हिरव्या कापडी बांधणीच्या वहीत पेन्सिलीनं चढायचा. वही कपाटात, स्वेटरांच्या खाली.

ही वही शुभदाखेरीज एकाच माणसानं आतून पाहिली होती. ती म्हणजे ऋचा.

ऋचा समोरच्या बिल्डिंगमधल्या माणिकवहिनींची मुलगी. इंदिरा नगरात वाढलेली. मराठी सगळं कळायचं, उत्तर हिंदीत यायचं. नववीत असताना शाळेच्या प्रकल्पासाठी ती प्रथम शुभदाबरोबर तळ्यावर आली. घरी येऊन तिनं तक्ता केला, आणि ज्या दोन रविवारी ताप आला म्हणून ती गेली नव्हती तिथं सुबकपणे शून्य घातलं.

"तू गेली होतीस तिथं?" शुभदानं विचारलं होतं.

"नहीं मावशी. बुख़ार था ना."

"मग हे शून्य पाहिलं कुणी?"

पोरीनं तक्त्याकडं पाहिलं. मग स्वतःच खोडरबर घेतलं. त्या दिवसापासून ती शुभदाची झाली असं म्हटलं तरी चालेल. पुढं तिनं पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. केलं, ग्रुपची शीट तिनंच बनवली, खेड्यातल्या लोकांना फोनवरून आकडा कसा भरायचा ते तिनंच शिकवलं. दीड वर्षापूर्वी एका सल्लागार कंपनीत नोकरीला लागली तेव्हा माणिकवहिनींनी पेढे आणले होते. रविवारचं येणं तेवढं कमी झालं. नोकरी म्हटल्यावर ते व्हायचंच.

ऑगस्टातल्या एका गुरुवारी सकाळी सुबोधचा फोन आला. सुबोध मूळचा अमरावतीचा, बँकेत अधिकारी, सरोजिनी नगरात राहणारा. कानपूर रोडकडची तळी त्याच्याकडं होती.

"शुभदाताई, बसलाय ना?"

"उभी आहे. धनिया निवडतेय. बोल."

"बसा हो जरा. मी एक फाइल पाठवलीय. नरकुल ताल भरून तिथं गोदामं बांधायचीयत, त्याचा पर्यावरण अहवाल. वीस तारखेला जनसुनवाई आहे. पान चौऱ्याऐंशी बघा. आधी बघा, मग आपण बोलू."

नरकुल ताल म्हणजे बख्शी का तालाबच्या पुढं, हवाई दलाच्या तळापासून सात-आठ किलोमीटर आत, शेतांच्या मधलं एक उथळ पाणी. पान चौऱ्याऐंशीवर तक्ता होता. चार वर्षांचे जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. सारस: शून्य, शून्य, शून्य. खाली वाक्य होतं की विणीच्या काळात या तळ्यावर सारस पक्ष्याचं अस्तित्व आढळत नाही. जूनमध्ये घेतलेल्या स्थानिक रहिवाशांच्या मुलाखतींतूनही यास दुजोरा मिळतो. आधार म्हणून ग्रुपचं नाव. आणि शेवटच्या पानावर, अनेक वर्षांची माहिती खुली ठेवल्याबद्दल डॉ. शुभदा यांचे मनःपूर्वक आभार.

अहवाल तयार करणाऱ्यांत तिसरं नाव ऋचाचं होतं.

शुभदानं कपाट उघडून वही काढली. नरकुल तालचं पान. पहिल्या वर्षी दोन पिल्लं. दुसऱ्या वर्षी एक. तिसऱ्या वर्षी घरटं पुरात गेलं. गेल्या वर्षी पुन्हा दोन. यंदा दोन ऑगस्टपासून दोन अंडी. पाचही वर्षं जोडी तीच, नराच्या डाव्या पायाला जुन्या जखमेची गाठ.

शास्त्र शिकलेल्या माणसाची एक सवय असते, माणसावर शंका घेण्याआधी तो यंत्रावर घेतो. आकडेमोडीचे काही प्रोग्राम रिकामा रकाना शून्य धरतात, हे तिला ठाऊक होतं. तसंच झालं असणार. घाईत पोरीच्या लक्षात आलं नसेल. तिनं फोन लावला. तो उचलला गेला नाही. मेसेज आला: मीटिंग में हूँ मावशी, शाम को घर आती हूँ.

"यंत्राची चूक आहे," ती जगदीशला म्हणाली.

जगदीशनं चष्मा कपाळावर चढवून अहवाल वाचला. "आणि मुलाखती? त्याही यंत्रानं घेतल्या?"

शुभदा उठली. ओढणी घेतली, दुर्बीण घेतली. जगदीशनं गाडीची किल्ली घेतली.

रामसमुझ नरकुल तालच्या बांधावरच होता. पन्नाशीचा माणूस, तळ्याच्या एका कडेला सिंघाडे लावायचा. लिहिता येत नव्हतं. आकडा फोनवर बोलून पाठवायचा. नऊ वर्षांत त्याचा एक रविवार चुकला नव्हता, मुलीच्या लग्नाचासुद्धा. लांब पाण्यात लव्हाळ्याच्या ढिगावर मादी बसली होती. लाल मान तेवढी दिसत होती. नर थोडा बाजूला उभा होता.

"रामसमुझ भैया, जून में कोई पूछने आया था? सारस के बारे में?"

त्याचा चेहरा उजळला. ज्या शाबासकीची वाट बघत होता ती दारात आल्यासारखा.

"आए रहे दीदी! दुइ जने, काग़ज़-कलम लइके. पूछिन, इहाँ सारस रहत है? हम कहि दिए, कउनो सारस-वारस नाहीं. अपने भाई से कहलवाए, परधान से कहलवाए. पूरा गाँव एक ज़बान." त्यानं छातीवर हात ठेवला. "अँगूठा भी लगाए दिए. आपकी बात रखी दीदी."

जगदीशनं विचारलं, "दो ही थे? और कोई?"

"दुइ जने उतरे. ऋचा बिटिया तो गाड़िए में बैठी रही, सीसा चढ़ाए." रामसमुझ हसला. "हम समझि गए, आपही भेजी हैं. इम्तहान लेने को कि हम मुँह खोलते हैं कि नाहीं. हम भी बिटिया की तरफ देखे तक नाहीं!"

पाण्यातल्या नरानं मान वर करून साद घातली. मादीनं बसल्या बसल्या साथ दिली. शुभदानं दुर्बीण डोळ्यांना लावली आणि बराच वेळ खाली घेतली नाही. दुर्बिणीतून तिला काही दिसत होतं असं जगदीशला वाटलं नाही.

परतताना सीतापूर रोडला ट्रकांच्या मागं अडकल्यावर तो म्हणाला, "कुंपणानंच शेत खाल्लं, शुभा."

"कुंपण मी घातलं होतं," ती म्हणाली.

तिच्या डोक्यात एकच चित्र फिरत होतं. काच वर केलेली गाडी. रामसमुझ काय उत्तर देणार हे आत बसलेल्या मुलीला अगोदर माहीत होतं. गावाला गप्प राहायला शिकवायला शुभदाबरोबर तीच तर आली होती, अकरावीत असताना, पाठीवर शाळेची बॅग घेऊन. खोटं बोलणारी माणसं शोधावी लागली नव्हती. तयार होती. शुभदानं तयार करून ठेवली होती.

संध्याकाळी ऋचा आली. ऑफिसच्या कपड्यांत, गळ्यात ओळखपत्र तसंच. चपला काढल्या आणि नेहमीसारखी स्वयंपाकघरात न जाता हॉलमध्ये खुर्चीच्या कडेवर बसली.

"मावशी, तुम्ही आधी माझं ऐकून घ्या," ती म्हणाली.

मराठीत. चौदा वर्षांच्या शेजारात ती शुभदाशी सबंध वाक्य मराठीत बोलल्याचं शुभदाला आठवत नव्हतं. काही मागायचं असलं की माणिकवहिनींशी ती अशी बोलते, एवढं माहीत होतं.

"ऐकतेय."

"शीट तर पब्लिक आहे ना? कोणीपण घेऊ शकतो. मी वहीला हात नाही लावला. एक शब्द नाही सांगितला वहीतला. मी सांगितलं असतं तर घरटं कुठं आहे ते सगळ्यांना कळलं असतं. तुम्हीच म्हणायच्या ना, कोणाला नाही सांगायचं. मी नाही सांगितलं."

जगदीश आतल्या खोलीच्या दारात उभा होता. त्यानं असं काही ऐकलं की एरवी फटकन बोलला असता. त्यानं फक्त शुभदाकडं पाहिलं.

"रकाने रिकामे होते," शुभदा म्हणाली.

"सर म्हणाले, रिपोर्टमध्ये रिकामं चालत नाही. डेटा नाही असं लिहिलं तर पुन्हा एक सीझन सर्वे करावा लागतो. क्लायंट थांबणार नाही. मावशी, माझं प्रोबेशन होतं. मी नसतं केलं तर दुसऱ्यानं केलं असतं."

"दुसऱ्याला माहीत नव्हतं, कुठला रकाना का रिकामा आहे ते. तुला माहीत होतं."

ऋचा ओळखपत्राची पट्टी बोटाला गुंडाळत राहिली.

"नऊ महिने या रिपोर्टचा ताण होता, तुम्हाला नाही कळणार. आणि ते सारस काय, दुसऱ्या तळ्यावर जातील. तुमच्याच वहीत आहेत सतरा तळी."

सतरा. आकडा अचूक होता. वहीला हात लावायची हिला गरजच नव्हती; वही हिच्या डोक्यात होती.

"गाडीतून उतरली का नाहीस?"

ऋचानं प्रथमच वर पाहिलं. डोळे भरले होते. खोटे भरले होते असं शुभदाला वाटलं नाही, आणि त्यानं काही फरकही पडला नाही.

"एकच विचारते," शुभदा म्हणाली. "हे शून्य पाहिलं कुणी?"

पंखा फिरत होता. खाली भाजीवाला लौकी-तोरई ओरडत गेला. शुभदा उठली, दार उघडलं आणि हिंदीत म्हणाली, "अब आप जाइए, ऋचा जी."

मुलीला थप्पड बसल्यासारखं झालं. चपला हातात घेऊनच ती जिना उतरली.

हरकत घ्यायची तर पुरावा हवा, आणि पुरावा म्हणजे वही. वही म्हणजे बेचाळीस माणसांना दिलेला शब्द. शुभदानं दोन दिवस घेतले. तिची स्वतःची चूकही तिला आता दिसत होती: न गेलेल्या तळ्याचा रकाना रिकामा आणि लपवलेल्याचाही रिकामा. लपवलेल्याला वेगळी खूण हवी होती. पण खूण केली असती तर लपवलं कसं राहिलं असतं? या गाठीचं दुसरं टोक तिला सापडलं नाही. शेवटी ठरवलं की एकच पान दाखवायचं, नरकुल तालचं. आणि तेही ज्याचं आहे त्याला विचारून.

फोनवर रामसमुझला तिनं सगळं सांगितलं. त्याच्या अंगठ्याचं काय झालं तेही.

"बिटिया ने किया?" तो म्हणाला.

"हाँ."

"ऊ हरी कॉपी खोल देंगी तो सब जान जाएँगे दीदी. गाड़ी-मोटर सब आ जाएगा."

"हाँ."

"अउर ना खोलें?"

"ताल मिट्टी से पाट देंगे."

"तो पूछती काहे हैं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

जनसुनवाई एका शाळेच्या पटांगणात मांडवाखाली झाली. समोर टेबलाशी अधिकारी, बाजूला गोदामांच्या कंपनीची माणसं. दुसऱ्या रांगेत लॅपटॉप मांडीवर घेऊन ऋचा. शुभदानं वहीतलं पान उघडून समोर ठेवलं आणि कधी किती अंडी, किती पिल्लं ते वाचून दाखवलं. माइक जरा दूर धरायची तिला सवय नव्हती. तिचा श्वास सगळ्या मांडवाला ऐकू जात होता.

अधिकाऱ्यानं वही उलटीपालटी करून पाहिली. माणूस उद्धट नव्हता, दुपारपर्यंत कंटाळलेला होता. "मॅडम, एक शीट आपकी. एक पेंसिल वाली कॉपी भी आपकी. सच कौन सी है?"

"दोनों. शीट में वहाँ ज़ीरो नहीं है, ख़ाली है."

"ख़ाली और ज़ीरो में क्या फ़र्क़ हुआ?"

मांडवात हशा झाला. शुभदानं मांडवाबाहेर पाहिलं. मग शाळेच्या भिंतीकडं बोट करून म्हणाली, ज्या दिवशी मास्तर हजेरीच घेत नाहीत, त्या दिवशी सगळी मुलं गैरहजर होती असं धरायचं का? हशा थांबला. मागच्या बाकावरचे एक मास्तर "वाह" म्हणाले. अधिकाऱ्यानं मान हलवून काहीतरी लिहून घेतलं, आणि क्षणभर शुभदाला वाटलं, झालं.

मग कंपनीतर्फे एकजण उठला. मुलाखतींचे कागद त्याच्या हातात होते. गावातल्या अकरा जणांचे अंगठे आणि सह्या. "ये सब भी क्या ख़ाली हैं, मॅडम?"

मागून रामसमुझ उभा राहिला. त्यानं धुतलेला सदरा घातला होता. "साहब, झूठ बोले थे. सारस है. हमेसा से है."

"झूठ क्यों बोले?"

रामसमुझनं शुभदाकडं पाहिलं. परवानगी मागावी तसं. तिनं मान हलवली.

"दीदी मना किए रहीं."

या वेळचा हशा मोठा होता. कंपनीचा माणूस हसला नाही. त्याला गरज नव्हती. "नोट किया जाए," तो शांतपणे म्हणाला, "कि मॅडम गाँव वालों को सिखाती हैं कि क्या बोलना है."

शुभदानं ऋचाकडं पाहिलं. या मांडवात हे खोडून काढू शकेल असं एकच माणूस होतं. का शिकवलं होतं, केव्हा, कुणासाठी, सगळं त्या मुलीला पाठ होतं. एक वाक्य पुरलं असतं. ऋचा लॅपटॉपवर टाइप करत होती. सभेचं इतिवृत्त तिच्याकडं होतं.

अधिकाऱ्यानं शेवटी एक सप्टेंबरला, मंगळवारी, जागेवर जाऊन पाहणी करायची असं ठरवलं. जे दिसेल ते खरं.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी आली. तळ्याचं नाव, गावाचं नाव, जायचा रस्ता, आणि अंड्यांवर बसलेल्या मादीचा लांबून काढलेला फोटो. त्या रात्रीपर्यंत ग्रुपमधून सहा माणसं बाहेर पडली. चिनहटच्या मिठाईवाल्यानं जाण्याआधी तिला एकटीला लिहिलं: दीदी, हमारे ताल का घोंसला भी उसी कॉपी में है न? वो बिटिया सब जानती है? शुभदानं उत्तर लिहिलं, हो, जाणते. माझी चूक झाली. मग तेच ग्रुपवर सर्वांसाठी लिहिलं. चार ओळी पुरल्या.

रविवारी नरकुल तालच्या बांधावर अकरा गाड्या होत्या. रामसमुझनं फोनवर मोजून सांगितल्या. सोमवारी पाच. मंगळवारी कुणीतरी ड्रोन आणला, तो मादीच्या डोक्यावर घोंघावत राहिला आणि नर त्याच्यावर उड्या मारत राहिला. रामसमुझ आणि त्याचा भाऊ काठ्या घेऊन उभे राहिले तर लोकांनी त्यांचेच व्हिडिओ काढले. शुभदा आणि सुबोध आलटून पालटून जात होते, हात जोडत होते. "बस एक फोटो, आंटी," मुलं म्हणायची. आणि खरंच प्रत्येकजण एकच फोटो काढायचा.

तीस तारखेच्या रविवारी पहाटे शुभदा, जगदीश आणि रामसमुझ बांधावर बसले तेव्हा तिथं चौथं माणूस नव्हतं. गाड्या शुक्रवारनंतर आल्या नव्हत्या. सहा वाजले. पाण्यावर बगळे उतरले, पाणकोंबड्या लव्हाळ्यात शिरल्या. लांबचा ढीग दुर्बिणीत स्वच्छ दिसत होता. त्याच्यावर लाल मान नव्हती.

सातला रामसमुझ आपली सिंघाड्याची डोंगी घेऊन ढिगापर्यंत गेला. परत यायला त्याला वेळ लागला.

"एक फूटा है," तो म्हणाला. "दूसर नाहीं है."

शुभदानं बोटांवर दिवस मोजले. अजून चार दिवसांत पिल्लं बाहेर आली असती. ती उठली नाही. आठ वाजायचे होते.

आठ वाजल्यावर जगदीशनं थर्मास बंद केला. घसा साफ केला. "शुभा, परवा पाहणी आहे. आज रकाना रिकामाच सोड. आपण आलोच नाही असं समज. कदाचित उद्या परत येतील."

"आलोय आपण," ती म्हणाली.

"दुइ लिख दीजिए दीदी," रामसमुझ पाण्याकडं बघत म्हणाला. "ऊ लोग लिख सकत हैं तो हम काहे नाहीं? कउन देखत है."

शुभदानं फोन काढला आणि शीट उघडली. नरकुल तालची ओळ. चार वर्षांचे पावसाळ्याचे रिकामे रकाने, एकामागं एक. तिनं आजच्या रकान्यावर बोट ठेवलं तेव्हा वरच्या कोपऱ्यात एक लहानसं रंगीत वर्तुळ उगवलं. त्यात 'ऋ' होतं. शीट ऋचानं बनवली होती, तिच्याच नावावर होती. तिला काढून टाकायचं शुभदाला गेले पंधरा दिवस जमलेलं नव्हतं. मालकाला काढता येत नाही, असं सुबोधनं सांगितलं होतं.

म्हणजे इंदिरा नगरात, समोरच्या बिल्डिंगमध्ये, ऋचा जागी होती आणि याच ओळीकडं बघत होती.

शुभदानं शून्य लिहिलं. शेजारी शेरा लिहिला: सहा ते आठ, तिघे हजर, आकाश निरभ्र, घरटं सोडलेलं. वर्तुळ हललं. निळी चौकट सरकत सरकत त्या शून्यापाशी येऊन थांबली. शुभदा वाट बघत राहिली. तिला वाटलं, आता काहीतरी लिहून येईल.

काही आलं नाही. थोड्या वेळानं वर्तुळ नाहीसं झालं.

"भेज दिए?" रामसमुझनं विचारलं.

"हाँ."

"का लिखे?"

"जो देखा," शुभदा म्हणाली, आणि दुर्बिणीला झाकणं लावली.